मिस व्हर्नेलचा फेरा

"बांगड्या काढा, पारुलबेन. पाटल्यासुद्धा."

बसच्या दारात बिपिनभाई उभे होते आणि चढणाऱ्या प्रत्येक बाईला नखशिखान्त न्याहाळत होते. मोटेलवाल्यांच्या संघटनेचे ते जिल्ह्याचे प्रमुख. आज बसभर माणसं घेऊन ते अटलांटाला, राज्याच्या विधानसभेत निघाले होते.

"आज आपण लहान दिसायला हवं," ते म्हणाले. "लहान धंदा, लहान माणसं. तुमच्या हातातलं सोनं बघून एखादा आमदार म्हणेल, यांना कसली आलीये अडचण?"

"मग साड्या कशाला नेसायला लावल्यात?" मागून हंसाबेन म्हणाल्या. "फेब्रुवारीची थंडी. वर कोट, आत साडी, साडीच्या आत पायजमा. मी बाई आहे की गुंडाळलेली गादी?"

"साडी कॅमेऱ्यात दिसते. आत गेल्यावर कोट काढायचे."

"म्हणजे श्रीमंत दिसायचं नाही, पण पटेल दिसायचं."

"बरोब्बर!" बिपिनभाई म्हणाले आणि बस हसली.

पारुलची एक बांगडी निघेना. बाळंतपणानंतर हात भरला होता. हंसाबेननी पर्समधलं क्रीम चोळून ती ओढून काढली, मनगटावर लाल वळ उठला. पारुलला त्याचं काही वाटलं नाही. आज तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. एवढ्या माणसांतून विधानसभेच्या समितीसमोर बोलायला तिला निवडलं होतं.

वल्लभ विद्यानगरची बी.एस्सी. होऊन, लग्न करून ती जॉर्जियात आली ती थेट काउंटरच्या मागे उभी राहिली. नवऱ्याचं, निमेषचं, मोटेल हायवेला लागून होतं, पीच आणि पेकानच्या बागांच्या मुलखात. काउंटरच्या मागे दार, दाराच्या मागे स्वैपाकघर. फोडणी टाकायच्या आधी पंखा लावायचा, नाहीतर गिऱ्हाईक नाक मुरडतं. इतक्या वर्षांत लोकांनी तिला विचारलं ते एवढंच, की आणखी एक टॉवेल मिळेल का, बर्फाचं मशीन का बंद आहे, आणि मालक कुठे आहे. तुला चार शब्द बोलता येतील का, हे पहिल्यांदा विचारलं ते बिपिनभाईंनी.

"तुमचं इंग्लिश चांगलं, चेहरा चांगला, घरात लहान पोर," ते म्हणाले होते. "दोन मिनिटं बोलायचं. मोटेल हे आमचं घर आणि पाहुणे हे आमचं कुटुंब. मी कागद देतो. पण नुसता कागद वाचू नका हां, मनातलं बोला. मनातलं बोललं की आमदार विरघळतात."

आठवडाभर तिने धुण्याच्या खोलीत, ड्रायरच्या घरघरीत ते भाषण म्हणून पाहिलं. ऐकायला एकच बाई होती, एकशे सतरा नंबरच्या मिस व्हर्नेल. शाळेच्या स्वैपाकघरातून सुटून त्या दुपारी परत यायच्या, तेव्हा धुण्याच्या खोलीत पाच मिनिटं बसून पायांतले बूट सैल करायच्या. काल त्यांनी पूर्ण भाषण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगलं बोलतेस, पोरी. फक्त 'कुटुंब' हा शब्द आला की तू घाई करतेस. तिथे जरा थांब."

आज आपणही अटलांटालाच जाणार आहोत, हे मात्र त्या बोलल्या नाहीत.

कायदा असा येऊ घातला होता: जो माणूस तीन-तीन महिने मोटेलातच राहतो त्याला पाहुणा म्हणायचं नाही, भाडेकरू म्हणायचं, आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला बाहेर काढायचं नाही. मध्ये एखाददुसऱ्या रात्री तो बाहेर राहिला असला तरी मुक्काम सलगच धरायचा. मोटेलवाले घाबरले ते काही उगाच नाही. गेल्या वर्षी निमेषच्याच मोटेलात एकाने खोलीत शेगडी पेटवून गादी जाळली, वर पैसे थकवले, आणि निघ म्हटलं तर दाराला खुर्ची लावून बसला. तसल्या माणसासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, तर घरचं खायचं काय आणि बँकेला द्यायचं काय?

आणि म्हणूनच, फार पूर्वीपासून, फेरा होता.

फेरा पारुलच्या सासऱ्यांनी घालून दिला होता. त्यांना तो दुसऱ्या कुठल्या पटेलांनी शिकवला असेल. महिना भरत आला की कायमच्या पाहुण्याने एक रात्र बाहेर काढायची. सामान उचलायचं, किल्ली द्यायची, दुसऱ्या दिवशी यायचं, नव्याने सही करायची, तीच खोली घ्यायची. मग कोणत्याही कोर्टात कोणी म्हणू शकत नाही की हा इथे राहतो. तो दर महिन्याला नवा पाहुणा. पारुल आली तेव्हा गादीचे कोपरे कसे दुमडायचे, ब्लीच किती घालायचं, हे जसं तिने शिकून घेतलं, तसाच फेराही. तिने त्यात भर घातली ती मायेची. इतर मोटेलवाले पाहुण्याचं सामान त्याच्या हातात देऊन मोकळे होत. पारुल मिस व्हर्नेलच्या पिशव्या धुण्याच्या खोलीत ठेवायची, वरून स्वच्छ चादर घालायची. त्या दुपारी त्यांना आपल्या स्वैपाकघरात बसवून जेवायला वाढायची. आणि निघताना डबा द्यायची, थेपले आणि गुळाची सुखडी. कारण मिस व्हर्नेल त्या रात्री बहिणीकडे जात, मेकनला, आणि कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये.

"बहिणीला तिखट लागलं नाही ना मागच्या वेळी?" ती विचारायची.

"जरासं," मिस व्हर्नेल म्हणायच्या. "पण खाल्लं तिने. तुला थँक्यू सांगितलंय."

पारुलची तीन वर्षांची मीरव त्यांना नेलबा म्हणायची. चर्चच्या गाण्यांतल्या अर्ध्या ओळी तिला पाठ होत्या.

विधानसभेच्या सोनेरी घुमटाखाली बस थांबली तेव्हा बिपिनभाईंनी प्रत्येकाच्या छातीवर लाल पट्टी चिकटवली. विरोध करणाऱ्यांची लाल, कायदा हवा असणाऱ्यांची पिवळी. समितीच्या खोलीत उजवीकडे लाल बसले, डावीकडे पिवळे. कोट उतरले, साड्या झळकल्या. समोरच्या उंच लाकडी टेबलामागे आमदार बसले होते, मधोमध अध्यक्षबाई, आणि टोकाला आपले कोंडूरीसाहेब. आपल्याच मतांवर, आपल्याच हॉलमधल्या जेवणावळींवर निवडून आलेला माणूस. बिपिनभाईंनी त्यांना लांबून हात जोडले. कोंडूरींनी मान हलवली न हलवली.

आणि पारुलला डावीकडे, तिसऱ्या रांगेत, मिस व्हर्नेल दिसल्या. रविवारची जांभळी टोपी, शेजारी चर्चमधल्या बायका.

"अगं बाई, मिस व्हर्नेल!" तिने हात हलवला. त्यांनीही हलवला, कमरेच्या उंचीपर्यंत.

"कोण ती?" बिपिनभाईंनी विचारलं.

"आमच्या एकशे सतराच्या. सहा वर्षं आहेत."

"पिवळी पट्टी लावलीये तिने."

"चर्चवाल्यांनी लावली असेल. त्या नाही म्हणत नाहीत कोणाला. पण आमच्याबद्दल विचारा ना त्यांना. वाईट शब्द काढायच्या नाहीत." आपलं माणूस समोर असलं की बोलायला बरं पडतं.

नाव पुकारलं. ती माइकपाशी उभी राहिली. कागदावरच्या पहिल्या चार ओळी तिने सावकाश म्हटल्या. 'कुटुंब' शब्दापाशी थांबली, सांगितल्याप्रमाणे. आणि थांबल्यावर तिला वाटलं, हे कागदावरचं कशाला, ते तर समोरच बसलंय. तिने कागद घडी केला.

"आमच्याकडे मिस व्हर्नेल राहतात," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. माझी मुलगी त्यांना बा म्हणते, म्हणजे आजी. महिना भरत आला की त्यांना एक रात्र बाहेर जावं लागतं, तो आमचा नियम आहे. सगळ्याच मोटेलांत असतो. पण आम्ही त्यांचं सामान रस्त्यावर ठेवत नाही. मी स्वतः धुण्याच्या खोलीत नीट ठेवते, झाकून. दुपारी जेवायला वाढते. दुसऱ्या दिवशी तीच खोली, तीच किल्ली. सहा वर्षांत एकदा वाद नाही झाला. प्रेमाने सगळं होतं, तर कोर्ट कशाला मध्ये? त्या इथेच बसल्यात. विचारा त्यांना."

तिला वाटलं, मागून टाळ्या येतील. मागे कोणी खोकलंही नाही.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दर महिन्याला?"

"हो मॅडम. नेमाने."

तो 'नेमाने' शब्द तिने छाती पुढे काढून उच्चारला होता. पुढे कितीतरी दिवस तिला तो आंघोळ करताना, भाकरी शेकताना ऐकू यायचा, आणि ती एकटी असली तरी तिचे कान तापायचे.

डावीकडच्या रांगांत पेनं सरसावली. कोणी तरी फोन वर धरला. पारुलने वळून बिपिनभाईंकडे पाहिलं, तर ते छताकडे बघत होते. तेव्हा टेबलाच्या टोकावरून कोंडूरीसाहेब पुढे झुकले. त्यांना तिला हात द्यायचा होता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"पारुलबेन, ती एकच रात्र असते. आणि तेव्हा त्या आपल्या नातेवाइकांकडे जात असणार. हो ना?"

"हो साहेब!" तिला हायसं वाटलं. "बहिणीकडे जातात, मेकनला. मी बहिणीसाठी डबासुद्धा देते."

उजवीकडे थोडं हसू फुटलं, प्रेमळ. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "मिस व्हर्नेल, तुम्हाला काही सांगायचं आहे का? नाही सांगितलंत तरी चालेल."

मिस व्हर्नेल लगेच उठल्या नाहीत. आधी टोपी सरळ केली. मग पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"ही बोलली ते खरं आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "चांगली पोर आहे. जेवण चांगलं असतं. तिखट, पण चांगलं."

"आणि रात्री तुम्ही बहिणीकडे..." कोंडूरी जवळजवळ उत्तर त्यांच्या तोंडात घालत होते.

चर्चमधल्या बायका दोन्ही बाजूंनी मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. मिस व्हर्नेल त्यांच्याकडे बघत नव्हत्या, पारुलकडेही नाही. खुर्चीच्या पाठीवरचे आपले हात बघत होत्या.

"बायबलवर हात ठेवल्यासारखंच आहे ना हे, इथे बोलणं?" त्यांनी विचारलं.

"साधारण तसंच," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग, साहेब, माझी बहीण जाऊन चार वर्षं झाली."

कोंडूरी हळूच खुर्चीत मागे सरकले.

"गाडी होती तोवर मी गाडीत झोपायचे. आता हॉस्पिटलमध्ये बसते, तातडीच्या विभागाच्या खुर्च्यांवर. तिथे सगळेच कोणाची ना कोणाची वाट बघत असतात, म्हणून तुम्ही कोण असं कोणी विचारत नाही." त्यांनी टोपी पुन्हा सरळ केली. "एवढंच. मी काही बोलायला आले नव्हते. ह्यांनी बसमध्ये जागा आहे म्हटलं, म्हणून आले."

त्या बसल्या. शेजारच्या धिप्पाड बाईने त्यांचा हात पकडला. मिस व्हर्नेलनी तो हळूच सोडवून घेतला.

पारुल माइकपाशीच उभी होती. तुमची वेळ संपली, असं कोणी म्हणालं, मग दुसऱ्यांदा म्हणालं. तिच्या डोळ्यांसमोर डबे होते. चार वर्षांचे डबे. थेपल्यांच्या मध्ये तिने कागद घातले होते, चिकटू नयेत म्हणून. एकदा दिवाळीत घुघरे, म्हणजे करंज्या, दिले होते आणि बजावलं होतं, 'हे बहिणीचे, तुम्ही वाटेत खायचे नाहीत हं.' मिस व्हर्नेल हसल्या होत्या. 'नाही खाणार,' म्हणाल्या होत्या.

बाहेर संगमरवरी बोळात बिपिनभाईंनी तिला खांबाआड घेतलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पारुलबेन. तुम्ही ती चौकात जाऊन उघडलीत."

"तुम्हीच म्हणालात, मनातलं बोला."

"मनातलं! धंद्यातलं नव्हे. संडास प्रत्येकाच्या घरात असतो. आपण पाहुण्यांना हात धरून तो दाखवायला नेतो का?"

"हे सांगायचं नसतं, असं मला कोणी सांगितलं नाही."

"हे काय सांगावं लागतं?" बिपिनभाई खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "शेंबड्या पोराला कळतं!"

ते तरातरा निघून गेले. पारुल खांबाला टेकून उभी राहिली. सांगावं लागत नाही. म्हणजे त्या बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हे चारचौघांत बोलण्यासारखं नाही. आणि जे बोलण्यासारखं नाही ते करण्यासारखंही नाही, हे ठाऊक असल्याशिवाय माणूस एवढं सांभाळून लपवत नाही. एकट्या तिलाच ते पुण्य वाटत होतं. सगळ्यांत शहाणी म्हणून तिला पाठवलं होतं.

जिन्याच्या पलीकडे पिवळ्या पट्ट्यांचा घोळका होता. ती धिप्पाड बाई मिस व्हर्नेलना मोठ्याने म्हणत होती, "आम्हाला का नाही सांगितलंस, व्हर्नेल? आम्ही काय मेलो होतो? दर रविवारी माझ्या शेजारी उभी राहून गातेस आणि..." मिस व्हर्नेल मान खाली घालून ऐकत होत्या, वर्गात उभ्या केलेल्या पोरीसारख्या. पारुलने तो चेहरा कधी पाहिला नव्हता. मिस व्हर्नेलनी वर पाहिलं, नजरानजर झाली, आणि पेट्रोल पंपावर ओळखीचं कोणी दिसलं की करतात तशी त्यांनी मान हलवली. जवळ जायला पारुलचा पाय उचलला नाही.

दुपारी समितीने कायदा पुढच्या अधिवेशनावर ढकलला. बसमध्ये एकच जल्लोष झाला. बिपिनभाईंचा राग केव्हाच पळाला. "जिंकलो! पारुलबेन, तुम्ही गोल आपल्यावरच मारलात, पण मॅच आपण जिंकली!" त्यांनी पेढ्यांचा डबा फिरवला. जाताना ज्यांना लहान दिसायला सांगितलं होतं, त्या बायका येताना एकमेकींच्या ओंजळीत बांगड्या मोजून देत होत्या.

हंसाबेन पारुलच्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ खिडकीबाहेरची लाल माती बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे दोघं आहेत असे. म्हातारा आणि त्याचा मुलगा. तेही जातात कुठेतरी त्या रात्री. मी आजवर विचारलं नाही."

पारुलने मनगटावरचा वळ चोळला.

"विचारलं तर काहीतरी करावं लागतं ना," हंसाबेन म्हणाल्या, आणि पेढा तिच्या हातावर ठेवला. तो तिने खाल्ला. तोही गिळला गेला, याची तिला लाज वाटली.

निमेषने काउंटरवर फोन उभा करून समितीचं थेट प्रक्षेपण पाहिलं होतं. ती आत आल्याबरोबर मीरव धावत आली, "नेलबा फोनमध्ये होती!" निमेषने तिला खाऊ देऊन आत पाठवलं आणि आवाज दाबून म्हणाला, "काय बोलून बसलीस हे? बिपिनभाईंचे तीन फोन झाले. आता तिला ठेवली तरी पंचाईत, काढली तरी पंचाईत."

"त्या कुठे जातात, तुला ठाऊक होतं?"

"बापूजींनी घालून दिलंय ते. मी काय नवीन केलं?"

"ठाऊक होतं का, ते विचारते."

निमेष भिंतीवरच्या आकड्यांना टांगलेल्या किल्ल्या उगाच सरळ करू लागला. "एकदा पहाटे दूध आणायला गेलो होतो, तेव्हा गाडीत दिसली होती. दुकानाच्या मागे. काचा धुरकटल्या होत्या."

"आणि मी डबा भरत होते, तेव्हा बोलला नाहीस?"

"तुला बरं वाटत होतं," तो म्हणाला. "म्हटलं, कशाला मोडता घाला."

त्याच्यावर ओरडावं, असं तिच्या मनात आलं. पण ओरडायला जी जागा लागते, ती तिला आपल्या पायाखाली सापडेना.

दिवेलागणीला चर्चची व्हॅन आवारात आली. मिस व्हर्नेल एकशे सतरामध्ये गेल्या, आणि पारुल काउंटरमागे उभी राहून बंद दाराकडे बघत राहिली. काय म्हणायचं ते ठरवायला जेवढा वेळ हवा होता, त्याच्या आतच त्या किल्ली घेऊन समोर आल्या.

"खोली सोडते, पोरी."

"पण फेरा तर पुढच्या आठवड्यात..." पारुलच्या तोंडून गेलं, आणि तिने जीभ चावली. "तसं नाही. आता जायचं नाही तुम्ही. कधीच नाही. फेरा बंद."

"नवऱ्याने ऐकलं?"

पारुलने आतल्या दाराकडे पाहिलं. निमेष आत टीव्हीचा आवाज वाढवून बसला होता.

"रागावलात माझ्यावर?"

"तुझ्यावर?" मिस व्हर्नेलनी विचार केला. खरंच विचार केला, उगाच नाही म्हणायचं म्हणून म्हटलं नाही. "नाही. पण बघ, मी त्या चर्चमध्ये पहिल्या रांगेत गाते. माझा शर्ट इस्त्रीचा असतो. त्यांना वाटायचं, व्हर्नेलचं सगळं छान चाललंय, आणि त्यांना वाटतंय म्हणून दोन तास मलाही तसं वाटायचं. तेवढं एकच ठिकाण होतं." त्यांनी बाहेर व्हॅनकडे पाहिलं. ती धिप्पाड बाई, ओडेसा, पुढच्या सीटवर बसून घड्याळ बघत होती. "आता ओडेसाने तिच्या नातवाची खोली रिकामी केलीये माझ्यासाठी. रोज रात्री माझ्या नावाने प्रार्थना करणार ती. मोठ्याने. आणि मी भिंतीच्या ह्या बाजूला."

त्या हसल्या. पारुललाही हसू आलं.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "कुठे जाता, ते. मनापासून. डबा देता देता नव्हे."

"विचारलं असतंस, तरी मी बहिणीकडेच म्हटलं असतं," मिस व्हर्नेल म्हणाल्या.

तिला बरं वाटावं म्हणूनच त्या बोलल्या होत्या. पारुलला ते कळलं, आणि आजच्या दिवशीही आपल्याला बरं वाटावं याची काळजी त्यांनीच करावी, हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. मिस व्हर्नेलनी किल्ली काउंटरवर ठेवली. मीरवला उचलून तिच्या केसांत नाक घातलं, खाली ठेवलं. पिशव्या उचलायला पारुल पुढे झाली तेव्हा म्हणाल्या, "राहू दे गं, वजन नाही त्यांना." आणि स्वतःच उचलून नेल्या.

व्हॅन गेल्यावर पारुल सफाईची गाडी ढकलत एकशे सतराला गेली. साडी तिने अजून सोडली नव्हती. मीरव मागोमाग आली. दार उघडून पारुलने दिवा लावला.

पलंगावरच्या चादरी काढून, चौपदरी घड्या करून पायथ्याशी ठेवल्या होत्या. उशा एकावर एक. न्हाणीघराची फरशी पुसलेली, आरसा पुसलेला, कचऱ्याच्या डब्यात नवी पिशवी लावलेली. भिंतींवर काही नव्हतं. खिळ्याचं भोक नाही, चिकटपट्टीचा डाग नाही. पाहुण्यांनी भिंतीला हात लावायचा नाही, अशी पाटी दाराच्या मागे होती, ती पारुलनेच कधीतरी छापून लावली होती. सहा वर्षं एक बाई इथे राहिली होती, आणि एका रात्रीपुरता उतरलेला माणूसही याहून जास्त काही मागे ठेवून जातो.

"नेलबा उद्या येईल?" मीरवने विचारलं.

हो, म्हणायला पारुलने तोंड उघडलं. दर महिन्याला ती तेच सांगत आली होती, आणि दर महिन्याला ते खरं ठरलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

बाहेर आवारात एक गाडी येऊन थांबली. काउंटरवरची घंटा वाजली. थोड्या वेळाने निमेषची हाक आली, "पारुल! एकशे सतरा तयार आहे का? गिऱ्हाईक आलंय."

पारुल सफाईच्या गाडीला धरून खोलीच्या मधोमध उभी होती. हातातला फडका कोरडा होता.

"नाही," तिने ओरडून सांगितलं. "अजून आवरायची आहे."